सुगंधाचा ठसका

बेळगावच्या वडगावातून मध्यवर्ती बस स्थानकावर यायचं आणि निपाणीची गाडी धरायची. सुमारे ७५ किलोमीटरांचा हा रस्ता नाकानंही ओळखता येतो. घर सोडताना बळ्ळारी नाल्याचा कुजका वास. भात निसवण्याच्या दिवसांत त्याच नाल्याकाठच्या शिवारातून येणारा बासमतीचा मंद गोडवा. गाळप हंगाम असेल तर संकेश्वरजवळ हिरण्यकेशी साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प. पुढे तवंदी घाट उतरला की निपाणी, आणि निपाणी म्हणजे तंबाखू.

यातल्या एखाद्या वासानं नाकाला पदर लावावा लागला असेल, पण त्यानं माझा प्रवास मोडला नाही. प्रवास मोडतो तो वाटेत गाडीत चढणाऱ्या, नुकत्याच अंगभर मारलेल्या बॉडी स्प्रेनं. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, गाडी खच्चून भरलेली. थोड्याच वेळात कपाळाच्या एका बाजूला ठणका सुरू होतो, मग मळमळ, मग उजेड सोसेना. निपाणी येईपर्यंत तो दिवस हातातून गेलेला असतो. ज्या कामाला निघाले ते काम उद्यावर.

‘वास सोसत नाही’ एवढंच आपल्याकडे म्हणतात. कुणाचं डोकं उठतं, कुणाचं नाक गळायला लागतं, कुणाला छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, कुणाच्या मानेवर पुरळ उठतं. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली. ‘एवढा भारी सेंट आहे की!’ ‘आमच्यात कुणाला नाही झालं असलं काही.’ ‘सवय करून घ्यायची.’ लग्नघरात तर हे बोलायचीच सोय नसते. अत्तर लावायला आलेल्या हातापासून हात मागे घेतला की यजमानीण दुखावते, आणि लावून घेतलं की रात्रभर उलट्या. मग माणसं लग्नाला जातात, अक्षता टाकतात, तोंड दाखवतात आणि जेवणाआधी निघतात. लोक त्याला शिष्टपणा समजतात. शिष्ट म्हणवून घेणं परवडतं, पण दर वेळी आजाराची कैफियत मांडणं परवडत नाही, असं हळूहळू त्या माणसाला वाटू लागतं. हा त्रास असणाऱ्यांचं खरं दुखणं मला इथंच दिसतं. एकेक घर, एकेक कार्यक्रम, एकेक नातं त्यांच्या आयुष्यातून गळत जातं आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

हे नाटक नाही, हे समजून घ्यायला निपाणीच्या वाटेवरचं संकेश्वर पुरेसं आहे. संकेश्वरी मिरची आपल्या भागात घरोघरी जाते. वर्षाची चटणी कांडून आणायला गिरणीत गेलं की दारातच खोकला सुरू होतो. तवा तापलेला असताना चुकून मिरची करपली तर माजघरापासून परड्यापर्यंत सगळे ठसकत बाहेर येतात. आजोबांना जास्त त्रास होतो, लहान मुलाच्या डोळ्यांतून पाणी थांबत नाही, स्वयंपाक करणारीला त्यातल्या त्यात कमी. पण आजोबा सोंग करतात असं कुणी म्हणत नाही, कारण थोडाफार ठसका प्रत्येकाला लागलेला असतो.

हा ठसका म्हणजे निव्वळ वास नसतो. नाकात दोन वाटा आहेत. एक वास ओळखणारी. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली या वाटेवरचे ग्राहक (रिसेप्टर) शोधले आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार काम करतात. दुसरी वाट ट्रायजेमिनल नावाच्या नसेची. चेहऱ्याची, डोळ्यांची, नाकाच्या आतल्या त्वचेची आग, झोंबणं, टोचणं, गारवा हे सगळं ती मेंदूला कळवते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते तिच्यामुळे. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहकाला जाऊन भिडतं तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ साली सापडला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. तीव्र सुगंधातली अनेक द्रव्यं या दुसऱ्या वाटेनंही आत शिरतात. आणि मायग्रेनची म्हणजे अर्धशिशीची कळ ज्या नसेतून उठते ती हीच.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी यावर एक साधी चाचणी केली. सुगंध आला की खोकला येतो, श्वास कोंडतो अशी तक्रार असलेली, पण दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या नेहमीच्या तपासण्यांत काही न सापडणारी माणसं त्यांनी घेतली आणि त्यांना कॅप्सायसिनचा अगदी विरळ फवारा हुंगायला दिला. ही माणसं इतरांपेक्षा कमी मात्रेला आणि जास्त वेळा खोकली. ज्यांना ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं जात होतं त्यांच्या नसा खरोखरच लवकर पेटत होत्या. मला या चाचणीचं फार मोल वाटतं.

वास न सोसण्यामागचा आजार प्रत्येकाचा एकच नसतो, हेही इथंच सांगायला हवं, कारण उपाय त्यावर अवलंबून आहेत. अर्धशिशीच्या रुग्णांत वासाची शिसारी इतकी नेमकी आढळते की साध्या ताणाच्या डोकेदुखीपासून अर्धशिशी वेगळी ओळखायला डॉक्टर तिचा आधार घेतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिका सुगंधानं आवळतात, त्याला पंप जवळ हवा. काहींचं नाक ॲलर्जी नसतानाही नुसत्या उग्र वासानं, थंड हवेनं वाहू लागतं. त्वचेचं प्रकरण आणखी निराळं. ती खरी ॲलर्जी असते आणि पाठीवर पट्ट्या चिकटवून करायच्या पॅच टेस्टमध्ये सापडते. लिंबाच्या आणि लॅव्हेंडरच्या वासातले लिमोनिन, लिनालूल हे घटक बाटलीत असताना तसे सौम्य असतात. हवा लागून ते बदलतात आणि मग त्वचेला डिवचतात. जुनी, अर्धी उरलेली अत्तराची बाटली म्हणून जास्त त्रास देऊ शकते.

बाटलीत नेमकं काय आहे हे मात्र विकत घेणाऱ्याला कळत नाही. डबीवर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ एवढाच शब्द असतो आणि त्याच्या पोटात डझनावारी रसायनं असू शकतात. युरोपीय संघानं २००३ साली नियम करून सुगंधातली २६ ॲलर्जीकारक द्रव्यं नावानिशी छापायला लावली आणि २०२३ साली ती यादी ८० च्या वर नेली. आपल्याकडच्या ग्राहकाला तेवढं कळलं तरी अर्धं काम होईल.

आता दुसरी बाजू. या त्रासावर बोलणाऱ्यांनी ती लपवू नये असं मला वाटतं. सगळ्याच रसायनांनी त्रास होतो असं सांगणाऱ्या लोकांवर झालेल्या चाचण्यांचा आढावा लंडनच्या संशोधकांनी २००६ साली घेतला. वास लपवून, खरं रसायन कोणतं आणि खोटं कोणतं हे कळू न देता तपासलं तेव्हा त्यातल्या अनेकांना खऱ्याखोट्यातला फरक सांगता आला नाही, खोट्यानंही त्रास झाला. याचा अर्थ ती माणसं खोटं बोलत होती असा होत नाही. दहा वेळा ज्या वासामागून डोकं फुटायची वेळ आली, त्या वासाच्या चाहुलीनंच अकराव्या वेळी शरीर आवळून घेतं. भीतीही नसांतूनच वाहते. म्हणून डॉक्टरकडे जाताना कुठला वास, किती वेळ, बंद जागा की उघडी, त्यानंतर काय झालं हे लिहून नेलेलं बरं. काही जण वर्षानुवर्षं ‘वासाचा त्रास’ म्हणत राहतात आणि त्यांची अर्धशिशी उपचारांविना राहते. अर्धशिशीवर आज चांगली औषधं आहेत.

अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ॲन स्टाइनमन यांच्या पाहणीत जवळजवळ ३५ टक्के लोकांनी सुगंधी वस्तूंमुळे काही ना काही त्रास होत असल्याचं सांगितलं. ही लोकांनी स्वतः सांगितलेली माहिती, कुणी तपासलेली नाही, हे ध्यानात ठेवूनही आकडा मोठा आहे.

हे सगळं नव्या जमान्याचं खूळ म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांची कारणं सांगताना इंद्रियांना न मानवणाऱ्या विषयांचा संयोग हे पहिलं कारण दिलं आहे, आणि नाकाच्या बाबतीत अति तीक्ष्ण, उग्र गंध फार हुंगणं हा अतियोग ठरवला आहे. माधवनिदानातल्या ज्वराच्या प्रकरणात वनस्पतींच्या गंधानं येणाऱ्या ज्वराची लक्षणं आली आहेत: मूर्च्छा, डोकेदुखी, उलटी, शिंका. बसमध्ये माझी जी गत होते तिचं इतकं नेमकं वर्णन मला आधुनिक पुस्तकातही क्वचित सापडलं.

अर्थात याच परंपरेनं सुगंधाचे सोहळेही केले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांत धूपालाही स्थान आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतीय सुगंधविद्येचा इतिहास हस्तलिखितांतून खणून काढला. त्यांनी उजेडात आणलेल्या ‘गंधसार’ या ग्रंथासोबतच्या ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथावर मराठी टीका आहे. आपल्या भाषेत सुगंध कालवण्याचं शास्त्र शतकांपूर्वी लिहिलं गेलं. तेव्हाचा सुगंध चंदन, कापूर, वाळा, कस्तुरी यांचा, महाग आणि मोजका. आज तो नळीतून फवारला जातो, धुण्याच्या पावडरीत असतो, फरशीच्या पाण्यात असतो, रिक्षाच्या आरशाला टांगलेला असतो, स्वच्छतागृहातल्या डांबरगोळीत असतो. एकेकटा वास कदाचित सगळ्यांना सोसेल. एका खोलीत हे सगळे वास एकत्र आले की त्या खोलीतल्या कुणाला तरी बाहेर पडावं लागतं.

आणि आता निपाणी. या विषयावर लिहिताना निपाणी टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

निपाणीच्या वखारींत विडीची तंबाखू कुटायची, चाळायची, त्यातल्या काड्या वेचायच्या ही कामं पिढ्यान् पिढ्या बायकांनी केली. हवेत तंबाखूचा खकाणा भरलेला. नवखा माणूस आत गेला की शिंकतो, डोळे चोळतो, त्याला गरगरतं. बायका तोंडाला फडकं बांधून दिवसभर त्यातच बसायच्या. निकोटीन नुसत्या श्वासातून जात नाही, ओल्या पानाला हात लागला तर त्वचेतूनही शिरतं. गुजरातच्या तंबाखू मळ्यांतल्या मजुरांना त्यामुळे होणारी डोकेदुखी, उलट्या, चक्कर यांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं केला आहे. निपाणीच्या या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या. छाया दातार यांचं ‘वेजिंग चेंज’ हे त्यांच्या लढ्यावरचं इंग्रजी पुस्तक १९८९ साली निघालं. त्याआधी १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथंच पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. या गावात तंबाखूच्या वासाला रक्ताचा आणि भाकरीचा असा दुहेरी इतिहास आहे.

संध्याकाळी वखार सुटली की तो दर्प लुगड्यात, केसांत, हाताच्या रेषांत मुरलेला असतो. ती बाई बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली तर? तिच्या अंगच्या वासानंही माझं डोकं उठू शकतं. पण ‘मावशी, जरा पलीकडे बसा’ असं मी तिला म्हणणार नाही, आणि कुणी म्हणू नये. घामाचा, मासळीचा, चामड्याचा, तंबाखूचा वास येतो म्हणून माणसांना लांब बसवण्याची फार जुनी आणि फार वाईट रीत आपल्या समाजात आहे. जातीची उतरंड नाकानंही राखली गेली आहे. वास सोसत नाही या तक्रारीला त्या रीतीचा आधार मिळू देता कामा नये. कामानं अंगाला चिकटलेला वास आणि हौसेनं अंगावर मारलेला वास यांत मी फरक करते. पहिला काढून ठेवता येत नाही. त्याची दाद मालकाकडे मागायची, वखारीला खिडक्या, झरोके आणि बायकांना मास्क मागायचे. दुसरा काढून ठेवता येतो, आणि म्हणून त्याबद्दल विनंती करता येते. एखादा कामगार घामाच्या वासाची लाज वाटून स्वस्तातला स्प्रे मारून गाडीत चढतो, हेही मला दिसतं. त्याला ती लाज कुणी वाटायला लावली याचाही विचार आपणच करायला हवा.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. ज्यांनी कधी तालुक्याचं गाव पाहिलं नव्हतं त्या बायका हिंडायला लागल्या, त्यात दर्शनाला निघालेल्या, बाळंत लेकीकडे निघालेल्या. ही फार चांगली गोष्ट. गाड्या भरतात, तशी आतली हवाही भरते. अशा गाडीत दोन-चार खिडक्या उघड्या राहतील एवढं वाहकानं पाहिलं तरी वास न सोसणाऱ्याचा प्रवास पार पडतो. मास्कवर फार भिस्त ठेवू नका. एन-९५ मास्क धूर आणि धूळ अडवतो, सुगंधाची वाफ त्यातून आरपार जाते; तिच्यासाठी कोळशाचा थर असलेला मास्क लागतो.

अगरबत्तीचं थोडं वेगळं आहे, कारण तिथं वासाबरोबर धूरही येतो. सुगंधी द्रव्य मुरवायला वापरलेली रसायनं जळतात आणि धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. भारतीय मानक ब्युरोनं २०२५ च्या अखेरीस अगरबत्तीसाठी मानक जाहीर केलं, त्यात काही कीटकनाशकांना आणि काही कृत्रिम सुगंधी रसायनांना मनाई आहे. हे चांगलं पाऊल. पण दहा बाय दहाच्या देवघरात एकाच वेळी पाच काड्या लावल्या तर मानक काय करणार? देवाला एक पुरते.

परदेशांत या प्रश्नाचे नियम झाले आहेत. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात शाळा, रुग्णालयं, कचेऱ्या यांनी नव्वदच्या दशकापासून सुगंध न लावता येण्याची पद्धत घातली. अमेरिकेत डेट्रॉइट महापालिकेतल्या सुसान मॅकब्राइड या कर्मचारी बाईंना सहकाऱ्याच्या परफ्यूममुळे श्वास घेणं अवघड झालं. त्या कोर्टात गेल्या आणि २०१० साली एक लाख डॉलरची तडजोड झाली, कचेऱ्यांत सूचनाही लागल्या. जपानमध्ये सरकारी खात्यांनी २०२१ साली यासाठी भित्तिपत्रकं काढली. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत हा त्रास नाही. तो तिथं यावा असा माझा आग्रहही नाही. बेळगावसारख्या गावात कोर्टापेक्षा शेजार जास्त कामी येतो.

संयम हा आपल्याला परका विषय नाही. वडगावात आषाढात मंगळवारी मंगाई देवीची यात्रा भरते. आमच्या भागात गावदेवीच्या यात्रेआधी वार पाळतात. त्या वारी शेतात कुणी औत धरत नाही. पेरणी-भांगलणीची घाई असते, पाऊस डोक्यावर असतो, तरी गाव थांबतं, कारण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. ज्या गावाला देवीसाठी अख्खा दिवस काम सोडता येतं, त्याला आजारी माणसासाठी फवाऱ्याची एक बाटली घरी सोडता येणार नाही असं मी मानत नाही.

मागणं फार नाही. दवाखान्यात, वर्गात, परीक्षेच्या खोलीत आणि बसमध्ये जाताना अंगावर स्प्रे मारू नये. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांनी तर नाहीच. मंगल कार्यालयात अत्तर लावणाऱ्यानं आधी विचारावं आणि नको म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह करू नये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडण्याऐवजी फूल हातात द्यावं. क्लासच्या आणि कचेरीच्या बंद खोलीत आपोआप फुस्स करणारी यंत्रं लावू नयेत, खिडकी उघडावी. आणि वास न सोसणाऱ्यांनीही तोंड उघडावं. रागावून नको, वेळेवर आणि स्पष्ट सांगावं: मला यानं त्रास होतो, जरा सरकून बसू का? माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर दहांतले आठ लोक ऐकतात.

दिवाळीत घरात उटणं भिजलेलं असतं, सुगंधी साबणाचं वेष्टन फुटलेलं असतं. ती दिवाळी मला कुणाकडूनही काढून घ्यायची नाही, अभ्यंगाचा वास मलाही आवडतो. फराळाला आलेल्यांपैकी एखादी म्हणाली की वास सोसत नाही, तर कारण विचारत बसू नका. अगरबत्ती बाहेर तुळशीपाशी नेऊन ठेवा, खिडकी उघडा आणि तिला जेवून जायचा आग्रह करा.